थोरलीचा खेळ

माझा धंदा सोफे आणि खुर्च्या मढवून देण्याचा. जुनं कापड उसवायचं, बसक्या स्प्रिंगा काढायच्या, तागाचे पट्टे ताणून ठोकायचे, फोम कापायचा आणि वर नवं कापड चढवायचं. दुकान खाली, घर वर. मला दोन मुली. घरात आम्ही एकीला थोरली म्हणतो नि दुसरीला धाकटी, आणि आता आळीतले सगळेही तेच म्हणतात. थोरलीनं तिशी ओलांडलीय, ती माझ्याबरोबर दुकान सांभाळते. धाकटी तिच्याहून आठ वर्षांनी लहान, ती ज्युदोच्या राष्ट्रीय शिबिरात असते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कापडाचे नमुने दाखवायच्या आधी सांगतो, असा माझ्या बायकोचा आरोप आहे. आरोप खरा आहे.

पण ही गोष्ट थोरलीची.

थोरली शाळेत असतानाच दुकानात लुडबुड करायची. अंगानं थोराड, बोलणं कमी, हात मात्र एखाद्या पकडीसारखे. एकदा ज्युदो शिकवणारे सर स्वतःची आरामखुर्ची घेऊन आले होते. थोरली तेव्हा एका सोफ्याच्या पाठीवर रेक्झिन ताणत होती. मी दुसऱ्या टोकानं ओढत होतो आणि खरं सांगायचं तर तीच मला ओढत होती. सरांनी खुर्ची बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हिला माझ्याकडे पाठवा."

"कशाला?"

"हिची पकड बघा ना. मी महिनोन्‌महिने घसा फोडून पोरांना हेच शिकवतो."

पुढच्या आठवड्यापासून ती मागच्या गल्लीतल्या हॉलवर जायला लागली. माझी बायको परिचारिका, तिच्या पाळ्या उलटसुलट. म्हणून थोरली धाकटीलाही बोटाला धरून न्यायची. धाकटी मॅटच्या कडेला बसून बिस्किटं खायची आणि ताईला कोणी पाडलं की त्याच्यावर डोळे वटारायची. एके दिवशी तिनं बिस्किटाचा पुडा ठेवला आणि सरळ मॅटवर जाऊन उभी राहिली. तिथून जी सुटली ती सुटलीच. धाकटी म्हणजे वीज. आज हे बक्षीस, उद्या ते. भिंतीला खिळे ठोकून ठोकून माझे हात दुखायला लागले.

थोरलीही खेळायची, चांगली खेळायची. पण ज्युदो एकट्यानं करता येत नाही. तुम्हाला कोणीतरी उचलून आपटायला लागतं, पुन्हापुन्हा, रोज. धाकटी पुढे निघाली तशी तिच्या तोडीची दुसरी मुलगी हॉलवर उरली नाही. मग थोरली उभी राहिली. धाकटीला एखादा डाव बसवायचा असला की थोरली पडायची. पडायची, उठायची, कपडे नीट करायची, पुन्हा समोर. स्वतःच्या स्पर्धा तिनं कधी सोडल्या ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. कोणी तिला सोड म्हटलं नव्हतं. धाकटीची स्पर्धा जवळ आली की थोरलीची आपोआप मागे पडायची, एवढंच.

धाकटीची शिबिरासाठी निवड झाली तो दिवस मला चांगला आठवतो. दुकानात निम्मी आळी जमली होती. बसायला जागा नाही अशी सोफेवाल्याच्या दुकानात पहिल्यांदाच वेळ आली. थोरलीनं सगळ्यांना चहा दिला. धाकटीची बॅग तिनंच भरली. स्टेशनवर दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, आता यांतली एक दुसरीला पाडते की काय.

त्यानंतर थोरली हॉलवर जात राहिली. मग एक दिवस गेली नाही.

"आज नाही का गेलीस?" मी विचारलं.

"दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या द्यायच्यात."

खुर्च्या द्यायच्या होत्या हे खरं होतं. पण खुर्च्या दिल्या, मग रेस्टॉरंटचे बाक आले, मग कोणाच्या तरी मोटारीच्या सीटा. काम कधी संपतं का? संध्याकाळी हॉलची वेळ झाली की ती तोंडात चुका धरायची आणि हातोडी घेऊन बसायची. तोंडात खिळे असलेल्या माणसाला काही विचारता येत नाही, हे तिला माझ्याकडूनच कळलेलं.

तिचे ज्युदोचे जाड पांढरे कपडे नेहमी मागच्या दोरीवर वाळत असायचे. त्यांच्यामुळे दुकानात उजेड कमी यायचा म्हणून मी वर्षानुवर्षं कटकट केली होती. आता तिथे स्वच्छ ऊन यायला लागलं, आणि मला ते बघवेना.

बायको म्हणाली, "अहो, तिला टोकू नका. धाकटी पुढे गेली, ही मागे राहिली. लागत असेल मनाला."

मला पोटात ठेवून राहता येत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टे ताणताना मी सरळ विचारलं, "धाकटीचं वाईट वाटतंय का गं तुला?"

थोरलीनं तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या आणि हसली. "असूया असती तर बरं झालं असतं, बाबा. असूयेनं माणूस निदान धावतो तरी."

"मग कंटाळा आलाय?"

"कंटाळाही नाही. कधी कधी बॅग घेते, गल्लीच्या टोकापर्यंत जाते. हॉलचं दार दिसतं, आतून पडल्याचे आवाज येतात. आणि मनात येतं, आत जाऊन काय करायचंय? मग वळते." तिनं पट्टा मुठीला गुंडाळला. "इतकी वर्षं घरी यायचे तेव्हा पाठ कशासाठी दुखतेय ते माहीत असायचं. आता कोणासाठी पडू?"

मी पट्ट्याचं माझं टोक ठोकून घेतलं.

सरांना मी बोलावलं नव्हतं, ते स्वतःच आले. मॅटचं एक आवरण शिवणीवर उसवलं होतं. थोरलीनं दाभण घेतलं आणि तिथल्या तिथे शिवायला बसली. सर स्टुलावर बसून चहा पीत राहिले. आवरण झालं, चहा झाला, ते उठले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते "मजबूत झालं" एवढंच म्हणाले आणि निघाले.

मी त्यांच्या मागे रस्त्यावर गेलो. "सर, तुम्ही चार शब्द सांगा ना तिला. तुमचं ऐकेल."

"ऐकेल, म्हणूनच नाही सांगत," ते म्हणाले. "ती सगळ्यांचंच ऐकते. मी ये म्हटलं की येईल, नवीन पोरींसाठी पडायला लागेल, आणि पुन्हा तेच. तिला स्वतःला यावंसं वाटू दे."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर मग एक उत्तम सोफेवाली आहेच की तुमच्याकडे. त्यात कमीपणा काय?"

कमीपणा काहीच नव्हता. तरी मी दुकानात परतलो तो तोंड पाडूनच.

मग धाकटीला आठवडाभराची सुट्टी मिळाली आणि ती घरी आली. घरात पाऊल टाकल्यापासून तिची टकळी सुरू. शिबिरातलं जेवण, तिथल्या मुली, पहाटेचं पळणं. रात्रीच्या जेवणाला ती थोरलीला म्हणाली, "ताई, उद्या किती वाजता जायचं हॉलवर?"

थोरली ताटाकडे बघत म्हणाली, "तू जा. मी नाही येत हल्ली."

"हल्ली म्हणजे?"

"तू गेल्यावर थोड्या दिवसांनी सोडलं."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आम्ही दोघांनीही फोनवर तिला काही सांगितलं नव्हतं. तिचं तोंड उतरलं. ती चिडेल अशी माझी अटकळ होती, पण ती बराच वेळ गप्प बसली. धाकटी गप्प बसली की घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटतं.

मग ती म्हणाली, "ताई, तिथे मला जमिनीवर कोणी दाबून ठेवू शकत नाही. उभ्यानं पाडतात, माझ्यापेक्षा भारी मुली आहेत. पण खाली गेलो की मी निसटतेच. आमच्या प्रशिक्षकांनी परवा विचारलं, हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझी बहीण दाबायची ना मला. तिच्याखालून निसटता आलं तर कोणाच्याही खालून येतं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. थोरलीनं मात्र पाण्याचा पेला उचलला आणि म्हणाली, "बघ. म्हणजे झालं की माझं काम."

"काम झालं," धाकटी म्हणाली. "तुझा खेळ कुठे झाला?"

थोरलीनं पेला तसाच परत खाली ठेवला.

"मी लहान होते, मला कळत नव्हतं," धाकटी म्हणाली. "मला वाटायचं, तुला पडायला आवडतं. तुला कधी जिंकायचं नव्हतं का गं?"

थोरली उठली, ताट मोरीत ठेवलं आणि खाली दुकानात गेली. बायकोनं मला डोळ्यांनीच बस म्हटलं. मी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एका जुन्या दिवाणाचा सांगाडा मोकळा करत होतो. थोरली अचानक म्हणाली, "बाबा, मी शेवटची जिंकले ते कधी?"

"शहराच्या स्पर्धेत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. समोर एक कुरळ्या केसांची मुलगी होती, तिचा सगळा कंपू टाळ्या वाजवत होता. तिनं तुला पायात पाय घालून खाली आणलं आणि तिला वाटलं झालं. तू पडता पडता तिचा हात काखेत धरलास, वळलीस आणि तिच्यावर आडवी झालीस. ती मासळीसारखी तडफडली, पण तू हलली नाहीस. पंचांनी हात वर केला तरी तुला कळलं नाही, त्यांनी तुझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा सुटली बिचारी."

थोरली हातातली पकड तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही आला होतात?"

"म्हणजे काय? दुकान बंद ठेवून आलो होतो. वर अगदी टोकाला बसलो होतो, तुला दिसलं तर तू बुजशील म्हणून."

ती पुन्हा कामाला लागली. बराच वेळ नुसते खिळे निघत राहिले. मग म्हणाली, "काखेत नव्हता धरला. कोपराच्या वर धरला होता. काखेत धरला असता तर निसटली असती ती."

शेवटची कधी जिंकली ते तिला आठवत नव्हतं, आणि पकड मात्र बोटाबोटानं आठवत होती.

संध्याकाळी धाकटी बॅग घेऊन जिना उतरली, तेव्हा थोरली दुकानाच्या दारात उभी होती. खांद्यावर तिची बॅग. धाकटी काही बोलायच्या आत थोरली म्हणाली, "आज तू पडायचंस."

मी दुकानाला कुलूप घातलं आणि मागोमाग गेलो. आता बुजायचा प्रश्न नव्हता, त्यामुळे मी थेट मॅटच्या कडेला बाकावर बसलो. थोरलीनं धाकटीला धरलं आणि पहिल्यांदाच मला कळलं की इतकी वर्षं ती हातचं राखून खेळत होती. धाकटीला डाव पुरा करता यावा म्हणून ती ऐनवेळी अंग सैल सोडायची. आज तिनं सोडलं नाही. धाकटी चपळ, तिनं थोरलीला पाडलंही. पण थोरली खाली जाताना तिला घेऊन गेली, आणि एकदा खाली गेल्यावर राष्ट्रीय शिबिरातली माझी लेक जी अडकली ती अडकलीच. तिचे पाय हवेत वळवळत होते. शेवटी तिनं मॅटवर थाप मारून हार मानली आणि तशीच पडून हसायला लागली.

"तुझ्याखालून निसटता येतं म्हणाले होते ना मी," ती धापा टाकत म्हणाली, "ते खोटं होतं. तू सोडत होतीस."

"कधी कधी," थोरली म्हणाली.

सर लांबच्या भिंतीशी लहान मुलांना कोलांट्या शिकवत होते. ते वळूनसुद्धा बघत नव्हते. पण आनंदानं लालबुंद झालेले त्यांचे कान मला बाकावरूनही दिसत होते.

असं समजू नका की त्या संध्याकाळनंतर सगळं सुरळीत झालं. धाकटी परत गेली. थोरली हॉलवर जायला लागली, पण कधी कधी गल्लीच्या टोकावरून वळूनही यायची. तशी आली की मी काही विचारायचो नाही, तीही हातोडी घेऊन बसायची नाही. सरळ सांगायची, "आज नाही गेले." मग दुसऱ्या दिवशी जायची. सरांनी तिला सांगून ठेवलं होतं की पुढच्या हंगामात शेजारच्या शहरात तिशीपुढच्या बायकांची स्पर्धा आहे, नाव घालायचं की नाही ते तिचं तिनं ठरवावं. तिनं महिनाभर ठरवलं नाही. मग एक दिवस कापड कापता कापता म्हणाली, "घातलंय नाव," आणि कात्री पुढे नेली.

स्पर्धेला धाकटी रजा काढून आली. मॅटच्या कडेला खेळाडूच्या माणसासाठी एक खुर्ची असते, तिथे ती बसणार होती. नियम असा की खेळ चालू असताना खुर्चीतल्या माणसानं तोंड उघडायचं नाही. पंच खेळ थांबवतील तेवढ्यात काय ते सांगायचं. धाकटीसाठी ही स्पर्धा थोरलीच्या स्पर्धेपेक्षा अवघड होती.

थोरलीच्या वजनगटात मिळून तिघीच आल्या होत्या. तिशी उलटल्यावर घर-संसार, नोकरी सांभाळून एकमेकींना आपटायला किती जणी येणार? पहिली लढत एका उंच बाईशी. ती बस चालवते असं मागून कळलं. तिचे हात लांबच लांब. थोरलीचा हात तिच्या मानेमागे पोचेपर्यंत तिनं थोरलीला कमरेवरून फिरवून पाठीवर टाकलंही. पाणी पिऊन पेला खाली ठेवावा इतक्यात खेळ संपला. बायकोनं माझं मनगट धरलं होतं, ते तिनं सोडलं नाही.

थोरली उठली, वाकून नमस्कार केला आणि बाजूला आली. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. धाकटीनं तिच्या पट्ट्याची गाठ नीट केली. लहानपणी थोरली तिची करायची तशी.

दुसरी लढत चष्मा काढून ठेवून आलेल्या एका बुटक्या, घट्टमुट्ट बाईशी. मुलांना गणित शिकवते, तिच्या विद्यार्थिनींचा घोळकाच आला होता. त्या बाईनं थोरलीला एकदा कुशीवर पाडलं आणि अर्धा गुण घेतला. घोळका ओरडला. मग बराच वेळ दोघी एकमेकींच्या बाह्या ओढत फिरत राहिल्या. थोरलीचा श्वास मला वर प्रेक्षकांच्या बाकांपर्यंत ऐकू येत होता. पंचांनी मध्येच खेळ थांबवला, कपडे सुटले होते म्हणून. धाकटीला बोलायची संधी होती. ती खुर्चीच्या कडेवर आली आणि एवढंच म्हणाली, "ताई, खाली ने."

खेळ सुरू झाला. बाई पुन्हा तोच डाव टाकायला आत आली आणि थोरलीनं तिला येऊ दिलं. दोघी खाली गेल्या. थोरलीनं खांद्याखालून हात घातला, कोपराच्या वर पकड घेतली आणि छाती टेकवली. पंचांनी हात पुढे केला, गुणफलकावर सेकंद पळायला लागले. वीस सेकंद धरून ठेवलं की जिंकलं. बाईनं कंबर उचलून अंगाची कमान केली, पाय मारले, एका बाजूला वळली, दुसऱ्या बाजूला वळली. थोरली तिच्याबरोबर सरकत राहिली, एखादं कापड कोपऱ्यावर बसवावं तशी, सुरकुती पडू न देता. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "तुमची कोण यात?"

"वरची," मी म्हणालो. "आणि खुर्चीतली पण."

"दोघी?"

"दोघीही माझ्याच," मी म्हणालो. माझा आवाज जरा चमत्कारिक आला असावा, कारण त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

गुणफलकाचा भोंगा वाजला. पंचांनी हात वर केला. या वेळी थोरलीला कळलं. तिनं बाईला सोडलं, हात देऊन उठवलं. धाकटीची खुर्ची उलटी पडली होती आणि ती नियम-बियम विसरून मॅटच्या कडेवर उड्या मारत होती. एका अधिकाऱ्यानं तिला मागे व्हायला सांगितलं.

थोरलीला दुसरा क्रमांक मिळाला. बायको म्हणाली, "तिघींत दुसरी म्हणजे मधली." म्हणाली खरी, पण फोनवर आपल्या वॉर्डातल्या सगळ्या परिचारिकांना तिनंच कळवलं, आणि तिघींचा उल्लेख केला नाही. मीही करत नाही. गिऱ्हाइकानं खोदून विचारलं तर सांगतो, पण सोफा मढवायला आलेला माणूस इतकं खोदून विचारत नाही.

बक्षीस घेऊन थोरली बाहेर आली तेव्हा आम्ही गाडीतळावर दुकानाच्या व्हॅनपाशी उभे होतो. मला वाटलं, ती जिंकलेल्या लढतीबद्दल बोलेल. तिच्या डोक्यात दुसरंच होतं.

"बाबा, ती बसवाली," ती म्हणाली. "मी उगाच मानेकडे गेले. तिचे हात लांब आहेत, तिची बाही आधी अडकवायला हवी. पुढच्या वर्षी ती परत येणार आहे, मी विचारलं तिला."

"पुढच्या वर्षी?" बायको म्हणाली.

"हो. जरा इकडे या बाबा, तुमची उंची साधारण तेवढीच आहे."

मी गेलो. तिनं माझ्या कोटाची बाही मनगटापाशी मुठीत आवळली, दुसऱ्या हातानं कॉलर धरली, एक पाऊल आत टाकलं, आणि मला काही कळायच्या आत मी व्हॅनच्या उघड्या मागच्या दारातून फोमच्या तुकड्यांवर आडवा होतो. तिनं शेवटच्या क्षणी माझं डोकं हातावर धरलं होतं, कुठे लागलं नाही.

"असं," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "सोमवारी हे सरांना दाखवते."

धाकटी मला हात द्यायला पुढे आली. मी म्हटलं, थांब जरा, आणि तिथेच थोडा वेळ पडून राहिलो.